समुद्रातील पवनचक्क्यांना विरोध नेमका कोणाचा?

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. केप कॉडच्या किनाऱ्यावर फिरताना ‘देवमासे वाचवा, पवनचक्क्या थांबवा’ अशा अर्थाचे फलक घरांच्या अंगणात लावलेले दिसले. जावई म्हणाले की, हा बंगलेवाल्यांचा कांगावा आहे, त्यांना समुद्राचे दृश्य खराब व्हायला नको आहे. आम्ही साताऱ्याचे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहताना आम्ही पाहिल्या आहेत. धूर न सोडणाऱ्या विजेला पर्यावरणाच्याच नावाने विरोध व्हावा, हे आम्हाला उमगत नाही. देवमाशांचे खरे काय आहे? आपल्याकडेही समुद्रात असे प्रकल्प येणार आहेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या जावयांचे म्हणणे अर्धे खरे आहे. केप कॉडच्या दक्षिणेला नॅन्टकेट साउंड हा उथळ सागरी पट्टा आहे. तेथे १३० पवनचक्क्या उभारून ४६८ मेगावॉट वीज निर्माण करणारा ‘केप विंड’ प्रकल्प २००१ मध्ये मांडला गेला. जागा किनाऱ्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर होती, म्हणजे पवनचक्क्या घराच्या ओसरीतून सहज दिसल्या असत्या. त्या किनाऱ्यावर देशातील अतिशय धनाढ्य कुटुंबांची घरे आहेत. कोळसा आणि तेलाच्या व्यवसायातील उद्योगपती विल्यम कॉक यांनी विरोधासाठी पैसा पुरवला. एरवी पर्यावरणाच्या बाजूने उभे राहणारे सिनेटर एडवर्ड केनेडीही विरोधात गेले. केंद्र सरकारने २०१० मध्ये मंजुरी दिली खरी, पण खटल्यांमागून खटले चालू राहिले, २०१५ च्या आरंभी वीज खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी करार मोडले आणि २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

मात्र विरोधकांच्या त्याच रांगेत वाम्पानोआग हे तेथील मूलनिवासी लोकही उभे होते आणि त्यांना बंगलेवाल्यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे आहे. त्यांच्या नावाचा अर्थच ‘पहिल्या उजेडाचे लोक’ असा आहे. साउंडवरून उगवणाऱ्या सूर्याचे मोकळे दर्शन हा त्यांच्या धार्मिक विधींचा भाग आहे. शिवाय आज पाण्याखाली असलेला तो उथळ भाग हजारो वर्षांपूर्वी कोरडी जमीन होता आणि तेथे आपले पूर्वज राहत व पुरले जात, असे ते सांगत. गच्चीतून दिसणारे दृश्य आणि पूर्वजांची भूमी या एकाच तराजूत तोलण्याच्या गोष्टी नव्हेत. वर्तमानपत्रांतील वादात मात्र बंगल्यांचीच चर्चा अधिक झाली.

केप विंडच्या अनुभवावरून पुढच्या प्रकल्पांनी एक धडा घेतला, तो म्हणजे नजरेआड जाण्याचा. मार्थाज् व्हिनयार्ड या बेटाच्या दक्षिणेला सुमारे २४ किलोमीटरवर ६२ पवनचक्क्यांचा, ८०६ मेगावॉट क्षमतेचा ‘व्हिनयार्ड विंड’ प्रकल्प उभारला गेला. किनाऱ्यावरच्या घरांची तक्रार त्यामुळे बरीच बोथट झाली, पण पवनचक्क्या मासेमारीच्या पट्ट्यात जाऊन बसल्या. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दृश्य वाचवण्याची किंमत ज्यांनी दृश्याची तक्रार कधी केलीच नव्हती, त्यांच्या माथी मारली गेली.

ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या बंदरांतून म्हाकुल पकडायला निघणारे ट्रॉलर तळालगत लांबलचक जाळे ओढत नेतात. जाळे बोटीच्या बरेच मागे असते आणि वारा व प्रवाह त्याला बाजूला रेटत असतात. बोट सरळ गेली म्हणून जाळे सरळ जाईलच असे नाही. तेथील पवनचक्क्या एकमेकींपासून एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर अंतरावर ठेवण्याचे ठरले. नकाशावर हे अंतर ऐसपैस दिसते. रात्रीच्या धुक्यात, रडारवर खांबांचे भलतेसलते ठिपके उमटत असताना आणि तळाशी पुरलेल्या विजेच्या केबलींवर टाकलेल्या दगडांची धास्ती असताना, जाळे घेऊन वळायचे म्हटले की ते ऐसपैस राहत नाही. तेथे मासेमारीवर कायद्याने बंदी नाही हे खरे, पण बंदी नसणे आणि मासेमारी करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकसानभरपाईचे निधी ठरले आहेत. बोटीच्या मालकाकडे पकडीच्या नोंदी असतात, त्यामुळे त्याला दावा मांडता येतो. बोटीवर राबणाऱ्या हातांकडे दाखवायला काय असते?

आता देवमाशांविषयी. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर २०२२-२३ च्या हिवाळ्यात एकामागून एक मृत देवमासे लागले. त्याच सुमारास समुद्रात पवनचक्क्यांसाठी सर्वेक्षण चालू होते. लोकांनी दोन्हींची सांगड घातली, आणि पंधरा मीटर लांबीचा मृत जीव वाळूत पडलेला पाहिल्यावर कोणाचेही मन कारण शोधणारच. परंतु हंपबॅक देवमाशांचे असामान्य मृत्यू २०१६ पासून नोंदवले जात आहेत आणि ज्यांची तपासणी होऊ शकली, त्यांपैकी सुमारे ४० टक्के देवमाशांच्या अंगावर जहाजाची धडक किंवा जाळ्यादोरांत अडकण्याच्या खुणा सापडल्या. लहान माशांच्या थव्यांमागे देवमासे किनाऱ्याजवळ येतात आणि त्याच पाण्यातून न्यूयॉर्क बंदराची मालवाहू जहाजे ये-जा करतात. सर्वेक्षणातील ध्वनियंत्रे तेलाच्या शोधात वापरल्या जाणाऱ्या हवेच्या तोफांपेक्षा पुष्कळ सौम्य असतात. त्यांच्यामुळे देवमासे मेल्याचा पुरावा अमेरिकेच्या सागरी व हवामान संस्थेला मिळालेला नाही. हे वड्याचे तेल वांग्यावर काढणे झाले आणि त्यात नुकसान देवमाशांचेच आहे, कारण जहाजांचा वेग कमी करण्याचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

आपण साताऱ्याचे आहात, म्हणजे पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात आणि पाऊस हटतो, ही दुष्काळाच्या वर्षांत आपल्याकडे उठलेली ओरड आपण ऐकली असेल. तिलाही शास्त्रीय आधार नव्हता. पण जमिनी कशा आणि कोणत्या भावाने गेल्या, याबद्दलची नाराजी तिच्या पोटात होती आणि ती नाराजी खोटी नव्हती.

सर्वेक्षण निर्दोष ठरले म्हणून बांधकामही निर्दोष ठरत नाही. पोलादी खांब तळात ठोकताना होणारा आवाज प्रचंड असतो. युरोपातील उत्तर समुद्रात पॉरपॉइज हे डॉल्फिनसारखे लहान सस्तन प्राणी अशा वेळी काही किलोमीटर, कधी वीसेक किलोमीटरही दूर पळून जातात. त्यावर उपाय आहे. खांबाभोवती तळावर भोके पाडलेली नळी वर्तुळाकार अंथरून तिच्यात दाबाने हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत उभी राहते आणि आवाज तिच्यात बराचसा मुरतो. जर्मनीने ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा घालून हे सक्तीचे केले. उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल ही देवमाशांची जात चारशेहूनही कमी उरली आहे. ती ज्या काळात त्या पाण्यात येते, त्या महिन्यांत व्हिनयार्ड विंडला खांब ठोकण्यास मनाई होती.

पक्ष्यांच्या बाबतीत पात्यांचा तडाखा हीच गोष्ट सर्वांच्या डोळ्यांपुढे येते, पण काही जातींचे अधिक नुकसान जागा सुटल्यामुळे होते. जर्मन समुद्रात लाल गळ्याचे लून पक्षी पवनचक्क्यांपासून दहा किलोमीटर आणि त्याहूनही दूर सरकले आहेत. हे समजण्यासाठी आपल्याला परदेशी जायला नको. चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेले काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले आणि त्यामुळे गळ्याशी निळा-नारिंगी पंखा फुलवणारे सरडे तेथे भरमसाट वाढले. माणूस जवळ गेला तरी ते सरडे लवकर पळत नाहीत, कारण वरून झडप घालणारे कोणी उरलेले नाही. पठार वरवर पाहता तसेच आहे; त्याची अन्नसाखळी बदलली आहे.

यंत्रांचे अपघातही होतात. जुलै २०२४ मध्ये व्हिनयार्ड विंडचे १०७ मीटर लांबीचे एक पाते तुटले आणि फायबरग्लासचे धारदार तुकडे व फोमचे ढलपे जवळच्या नॅन्टकेट बेटाच्या वाळूत येऊन पडले. ऐन हंगामात किनारे पोहण्यासाठी बंद करावे लागले आणि अनवाणी फिरू नका, असे लोकांना सांगावे लागले. त्या दिवसांत ज्यांनी मुलांचे पाय जपत वाळूतून तुकडे वेचले, त्यांच्या रागाला कांगावा म्हणू नये.

एवढे असूनही मी या प्रकल्पांच्या बाजूचा आहे. दक्षिण न्यू इंग्लंडमधील, म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य किनाऱ्यावरील, शेवंडांचा व्यवसाय पवनचक्क्या येण्याच्या कितीतरी आधी बसला आणि त्याचे मोठे कारण तापलेले पाणी हे आहे. राइट व्हेलचे खाद्य तापत्या पाण्यामुळे उत्तरेकडे सरकले. त्यामागे ते देवमासे कॅनडाच्या आखातात गेले आणि २०१७ मध्ये तेथे जहाजांच्या धडकेने व जाळ्यांत अडकून मेले. कोळसा आणि तेल जाळत राहिल्याने समुद्र वाचणार नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी : भारताने समुद्रातील पवनऊर्जेचे धोरण २०१५ मध्ये आणले आणि जून २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी एकूण ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याला मंजुरी दिली. महाराष्ट्राचा समुद्र या पहिल्या टप्प्यात नाही. परंतु पालघर-वसईच्या ज्या कोळ्यांची डोल जाळी समुद्रात आपापल्या ठरलेल्या जागी, म्हणजे ‘कव’ म्हणतात तेथे लागतात, त्यांना या प्रश्नाचे मर्म वेगळे सांगायला नको. कव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, शेजारच्या गावाला ती ठाऊक असते आणि तिच्यावरून भांडणेही होतात, पण तिचा सातबारा नसतो. प्रकल्पाच्या जागेचे नकाशे आखण्याआधी अशा जागांची नोंद कोळ्यांना सोबत घेऊन, बोटीत बसून करावी लागेल. नकाशा आखून झाल्यावर भरवलेल्या जनसुनावणीत ती होत नाही.