नवीन कॅमेरा बॉडी येतेय, मग जुन्या दोनातली कुठली काढू?

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्याकडे निकॉनच्या दोन बॉडी आहेत, २०१५ ला नवीन घेतलेला डी ७२०० आणि नंतर तीनेक वर्षांनी सेकंडहँड मिळालेला डी ७५०. आता निकॉनचाच झेड ६ थ्री घ्यायचं नक्की झालंय, एफटीझेड टू अडॅप्टरसकट (म्हणजे जुन्या लेन्स त्यावर बसतील). घरून परवानगी मिळाली ती एकाच अटीवर, की दोनातला एक जाणार. लेन्स म्हणाल तर १८-१४० आणि ३५ एमएम १.८ या दोन डीएक्सच्या (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीच्या), शिवाय २४-१२० एफ ४, २००-५००, आणि जुनी ५० एमएम १.८ डी. मुख्य नाद पक्ष्यांचा (घर बारामतीला, थंडीत एक रविवार आड भिगवण असतंच), बाकी घरची लग्नं-मुंजी, तीही हौसेची, पैसे घेऊन नाही. दुकानदार डी ७५० चे ४२ हजार म्हणतोय आणि डी ७२०० चे २१. ग्रुपमधले सगळे म्हणतात क्रॉप बॉडी (छोट्या सेन्सरचा डी ७२००) काढून टाक, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा डी ७५०) कोणी विकतं का. तुम्ही काय सांगाल?
— बारामतीहून एक वाचक

उत्तर : डी ७५० काढा. तुमच्या ग्रुपमध्ये आता माझ्या नावाने बोंब होईल, होऊ दे.

सगळे काय करतात, तर दोन कॅमेरे शेजारी ठेवून ‘यातला भारी कुठला’ असं बघतात. तसं बघितलं तर डी ७५० भारीच आहे, कमी उजेडात डी ७२०० पेक्षा साधारण एक स्टॉप पुढे (म्हणजे निम्म्या उजेडातही तितकाच स्वच्छ फोटो), मंगल कार्यालयातल्या पिवळट दिव्यांमध्ये तो फरक दिसतो. पण तुमच्याकडे आता तिसरा येतोय ना? मग बघायचं ते हे की नवीन आलेला कोणाचं काम काढून घेणार. डी ७५० म्हणजे २४ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, दोन कार्ड. झेड ६ थ्री म्हणजे २४ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, दोन कार्ड, वर आणि पक्षी ओळखून त्याचा डोळा पकडणारा फोकस. म्हणजे डी ७५० बिचारा पहिल्या दिवसापासून घरी बसणार. डी ७२०० जे करतो ते मात्र नवीन कॅमेऱ्याला जमत नाही, निदान तुमच्या लेन्सवर तरी.

आता भिगवणचंच घ्या. होडीत बसलाय, नावाडी सांगतोय याच्यापुढे नेली तर उडतील, आणि समोर कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत उभा आहे. २००-५०० फुल लांब केलेली. तोच पक्षी, तेवढंच अंतर, डी ७२०० च्या फोटोत समजा तो १२०० पिक्सेल रुंद येतोय, तर झेड ६ थ्री वर तो ८०० च्या आसपास येईल, कारण सगळे २४ मेगापिक्सेल डी ७२०० ने छोट्या सेन्सरवर दाटीवाटीने बसवलेत आणि फुल फ्रेमवर तेवढेच सव्वादोन पट जागेत पसरलेत. झेड वर डीएक्स मोड लावला, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरला, की पक्षी मोठा दिसतो खरा, पण फोटो उरतो दहा-अकरा मेगापिक्सेलचा. हे ‘क्रॉपमध्ये ५०० एमएमची लेन्स ७५० एमएमची होते’ म्हणतात त्याचं खरं गणित. लेन्स ५०० चीच राहते, पक्ष्यावर पिक्सेल जास्त पडतात एवढंच.

हां, एक कबूल करते, रोहितांचा थवा उडाला, किंवा पट्टकादंब डोक्यावरून गेले, तर तिथे झेडच उचला, फोकसच्या बाबतीत डी ७२०० त्याच्या जवळपासही नाही. पण बसलेला, लांबचा, छोटा पक्षी असेल आणि उजेड बरा असेल तर जुनाच. आणि दोन्ही घेऊन गेलात तर एकावर २००-५०० आणि दुसऱ्यावर २४-१२०, म्हणजे हलत्या होडीत लेन्स बदलायची भानगड नको (तिथलं पाणी उडून सेन्सरवर बसलं ना की मग डाग पुसत बसावं लागतं, ते दुःख मला माहिती आहे).

आता लेन्सचा हिशोब, जो कोणीच करत नाही. डी ७२०० विकला तर फक्त २१ हजारांचा कॅमेरा जात नाही, त्याच्यासोबत १८-१४० आणि ३५ एमएम या दोन लेन्स अनाथ होतात, कारण डी ७५० असो की झेड, दोन्हीकडे त्या क्रॉपमध्येच चालणार. उलट डी ७५० गेला तर २४-१२० आणि २००-५०० आरामात एफटीझेडवर चालतात, फोकससकट. राहिली ५० एमएम डी. तिच्यात मोटर नाही, ती बॉडीतल्या स्क्रूने फिरते, आणि एफटीझेडमध्ये तो स्क्रूच नाही, त्यामुळे झेडवर ती लागेल पण फोकस हाताने करावा लागेल. डी ७२०० मध्ये स्क्रू आहे. तिथे ती ७५ एमएमसारखी दिसते, नातवंडांच्या पोर्ट्रेटला झकास.

हे एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः करून बसलेय. २०१२ मध्ये सेकंडहँड डी ७०० मिळाला, फुल फ्रेमचं भूत डोक्यात, त्याच आठवड्यात डी ९० विकून मोकळी झाले. घरी येऊन ३५ एमएम डीएक्स लावली तर फोटो पाच मेगापिक्सेलचा. मग ती गेली स्टीलच्या डब्यात, दोन पावसाळे तशीच, आणि एक दिवस काढून उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. शेवटी लांबच्या पक्ष्यांसाठी जुना डी ७००० घेतला, डी ९० जितक्याला विकला होता त्याच्यापेक्षा जास्त पैसे मोजून. नवऱ्याने अजून तो हिशोब विसरलेला नाही.

माझं उत्तर कधी उलटं होईल तेही सांगते. तुम्ही लग्नाच्या ऑर्डरी घेत असता तर म्हटलं असतं डी ७५० ठेवा, कारण मंगलाष्टकं चालू असताना पहिला कॅमेरा बंद पडला तर दुसरा त्याच्यासारखाच फोटो देणारा हवा. पण तुम्ही घरची कार्यं करताय, तिथे एखादा फोटो हुकला तर आत्या दोन दिवस रुसते, त्यापलीकडे काही नाही.

आणि ४२ विरुद्ध २१, म्हणजे नवीन कॅमेऱ्यात दुप्पट भर पडतेय, हेही आहेच. दुकानदारापेक्षा ओळखीतल्या माणसाला दिला तर थोडे जास्तही मिळतील. घेणारा एक गोष्ट नक्की विचारेल, डी ७५० च्या काही लॉटमध्ये शटरची अडचण होती आणि निकॉनने ते फुकट बदलून दिले होते, तेव्हा तुमच्या सिरियल नंबरचं काय ते आधीच बघून ठेवा, पहिल्या मालकाकडून जॉबशीट (दुरुस्तीचा कागद) मिळालं असेल तर शोधा. देण्याआधी सेटअप मेनूत जाऊन कॉपीराइट इन्फर्मेशन आणि इमेज कमेंट पुसा, नाहीतर पुढच्या माणसाच्या प्रत्येक फोटोत तुमचं नाव छापून येईल. ऑनलाइन जाहिरात टाकलीत आणि समोरचा म्हणाला की मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील, तर फोन ठेवून द्या, कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

बॅटऱ्या डी ७५० सोबत सगळ्या देऊ नका, डी ७२०० ला त्याच चालतात, दोन ठेवून घ्या. झेडसोबत येणारी नवीन बॅटरीही जुन्यात चालते, मात्र उलटं, म्हणजे तुमच्या २०१५ च्या बॅटऱ्या झेडमध्ये चालतील असं धरून चालू नका.

प्रश्न : डी ७५०० विकायचाय, शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा) ९० हजार निघाला. घेणारा म्हणतो कॅमेरा अर्ध्याच्या वर संपला, किंमत अर्धी करा. बरोबर आहे का?
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : नाही. डी ७५०० च्या शटरसाठी जो दीड लाखाचा आकडा सांगतात, ज्यावरून तो ‘अर्ध्याच्या वर संपला’ म्हणतोय, तो कंपनीने शटरची टेस्ट किती वेळा केली त्याचा आहे, दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख नाही ती. काही शटर त्याच्या बरंच पुढे जातात, काही आधीच राम म्हणतात. थोडं घासाघीस करू द्या पण अर्धी किंमत म्हणजे चेष्टा आहे. त्याऐवजी त्याच्यासमोर दोन गोष्टी करा, एफ १६ वर (लेन्सचं छिद्र लहान करून) मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवर धूळ किती ते दाखवा, आणि हाताच्या पकडीचं रबर सुटलेलं नाही ते दाखवा. माणूस डोळ्यांनी बघितलं की गप्प होतो.

प्रश्न : कॅनन २०० डी सोडून आर १० घेतोय, अडॅप्टर घेणार आहे. लेन्स १८-५५ आणि ५५-२५०. २०० डी विकू का नववीतल्या मुलीला देऊ? ती मागे लागलीय.
— कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : द्या हो मुलीला! येऊन येऊन किती पैसे येणार त्याचे, आणि साडेचारशे ग्रामचा कॅमेरा आहे, तिच्या सॅकमध्ये सहज मावतो. १८-५५ तिच्या कॅमेऱ्यालाच लावून ठेवा, ५५-२५० तुम्ही अडॅप्टरवर वापरा, रंकाळ्यावर बगळे काढायला ती पुरे. फक्त दोन्हींना एकच एलपी-ई१७ बॅटरी लागते, म्हणजे तुम्ही रात्री चार्ज करून ठेवलेली सकाळी तिच्या कॅमेऱ्यात सापडणार, तेव्हा एक जादा आत्ताच आणून ठेवा, आणि तिच्यावर मार्करने तिचं नाव टाका.