वर चिकण, खाली रेती: बुजलेल्या तळ्याच्या जमिनीत पाणी का तुंबतं आणि काय करू नये

गोराई, मनोरी, उत्तन आणि वसई पट्ट्यातून पावसाळा तोंडावर आला की एकाच धाटणीचे प्रश्न येतात. जमीन पूर्वी गावतळं किंवा बावखल (गोड्या पाण्याचं छोटं तळं) होती, आता बुजली आहे. वर हात-दीड हात काळपट चिकणमाती, खाली समुद्राची रेती. रेती असूनही पाणी जिरत नाही, भाजी पिवळी पडते, मुळं कुजतात. दुकानदार जिप्सम टाका म्हणतो, बोअरवाला भोकं पाडून घ्या म्हणतो. काय करावं? सगळ्यांना मिळून हे उत्तर.

आधी पाणी का जिरत नाही ते. खाली रेती आहे म्हणजे निचरा आपोआप होणार, हा समज चुकीचा आहे. चिकणमातीतली छिद्रं अतिशय बारीक, ती पाणी घट्ट धरून ठेवतात. रेतीतली पोकळी मोठी, तिला ते पाणी वरून ओढून घेता येत नाही. वरचा थर तळापर्यंत पूर्ण भरल्याशिवाय खाली पाणी उतरत नाही, आणि उतरायचं थांबलं तरी चिकणमातीचा खालचा भाग भरलेलाच राहतो. दोरीवर वाळत घातलेल्या पंचाची खालची किनार शेवटपर्यंत ओली राहते, तसंच. मुळं नेमकी त्याच भागात असतात, आणि तिथे हवा नसते.

दुसरं कारण किनाऱ्याजवळच्या वाड्यांना जास्त लागू. मुंबईत वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जुलैत विहिरींची पातळी वर चढते तसं जमिनीखालचं पाणीही वर येतं आणि खालची रेतीच भरून जाते. अशा वेळी वरचं पाणी जाणार कुठे?

ही दोन कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. त्यामुळे खर्च करण्याआधी तुमच्याकडे कोणतं आहे ते बघा. जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली की पहारीने किंवा गिरमिटाने वाफ्यात तीन ठिकाणी रेती लागेपर्यंत खड्डा घ्या, वर फळी झाका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. खड्ड्याच्या बाजूंमधून पाणी पाझरतंय आणि तळाची रेती पाणी पिऊन टाकतेय, तर पाणी चिकणमातीतच अडकलेलं आहे. पाणी तळातून वर आलंय आणि शेजारच्या विहिरीच्या पातळीशी जुळतंय, तर ते भूजल आहे. विहिरीची पातळी दगड बांधलेल्या सुतळीने मोजा, अंदाजाने नको. पावसाळा नसेल तर मातीचा रंग बघा. राखाडी-निळसर मातीत गंजासारखे तांबूस डाग जिथून सुरू होतात, तिथपर्यंत दरवर्षी पाणी उभं राहतं. हे डाग वितीच्या आत असतील तर सपाट वाफ्यात पावसाळी भाजी करूच नका.

आता बोअरवाल्याची भोकं. भूजल वर येत असेल तर भोक पाडणं म्हणजे खालच्या पाण्याला वर यायला वाट करून देणं. खाडीजवळ तेच पाणी उन्हाळ्यात खारं होतं, आणि मग त्या वाफ्यात धड काही येत नाही. पाणी नुसतं अडकलेलं असेल तरी वाफ्याच्या मधोमध पाडलेली भोकं एका पावसाळ्यात बारीक गाळाने बुजतात, पैसे वाया जातात. शिवाय तुम्ही तिथे भात लावणार असाल तर चिखलणीने तयार केलेला तळच तुम्ही फोडून ठेवता, आणि हस्ताच्या पावसाने दगा दिला की खाचर दोन दिवसांत कोरडं पडतं. भोकं पाडू नका. फारच गरज असेल तर चराच्या शेवटी एकच शोषखड्डा घ्या, खडीने भरलेला, आणि तोही वरची खड्ड्याची परीक्षा झाल्यावरच.

जिप्समबद्दल दरवर्षी लिहितो, यंदाही लिहितो: मातीची तपासणी केल्याशिवाय जिप्समची एकही गोण घेऊ नका. जिप्सम चिबड म्हणजे पाणी तुंबणाऱ्या जमिनीचं औषध नाही, चोपण म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेल्या जमिनीचं आहे. सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांच्या वर असेल तरच त्याचा उपयोग. आपल्याकडच्या बऱ्याच वाड्यांत सामू आठच्या आसपास असतो आणि दोष फक्त क्षारांचा किंवा नुसत्या पाण्याचा असतो. क्षार पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन जातात, पण ते पाणी बाहेर जायला वाट हवी. वाट नसताना जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम जागच्या जागी राहतो आणि तुम्ही वरून आणखी एक क्षार घालता. दुकानदार "एकरी दहा गोणी टाका, जमीन लोण्यासारखी होईल" म्हणाला, तर त्याच्याकडे तुमच्या जमिनीचा तपासणी अहवाल मागा. बाटलीतल्या "जमीन भुसभुशीत" करणाऱ्या द्रावणांचंही तेच. पाणी उभं असलेल्या मातीत त्यांनी काही होत नाही.

रेती मिसळण्याचा सल्ला त्याहून वाईट. चिकणमातीत थोडी रेती मिसळली की ती सैल होत नाही, वाळल्यावर उलट जास्त कडक होते. फरक पडायचा तर वरच्या वीस सेंटीमीटरमध्ये निम्म्याहून जास्त रेती लागेल. म्हणजे एका गुंठ्याला किमान साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हिशोब तुम्हीच करा. किनाऱ्यावरची रेती उचलणं बेकायदा आहे आणि तिच्यात मीठ असतं ते वेगळंच. जेसीबी लावून खालची रेती वर काढणाऱ्यांनीही थांबावं: चिकणमातीचा थर पातळ होतो आणि भूजल मुळांच्या आणखी जवळ येतं. बांधकामाची भरणी फुकट मिळते म्हणून कडेला टाकून घेणाऱ्यांना वेगळं सांगतो. सिमेंटच्या चुऱ्याने सामू चढतो, आणि डंपरच्या चाकांखाली चराचं तोंड दाबलं जातं. फुकटची भरणी नको. तलावाचा गाळही नको. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना हलक्या, मुरमाड जमिनींसाठी चांगली आहे, तुमची जमीन मुळात गाळाचीच आहे.

मग करायचं काय? गादीवाफे आणि चर. या जमिनीत यापेक्षा भरवशाचा उपाय नाही. पाणी खाली जात नसेल तर ते बाजूने काढायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व.

वाफा वरून 90 सेंटीमीटर रुंद, 30 सेंटीमीटर उंच, लांबी पंधरा-वीस मीटरच्या आत. दोन वाफ्यांमध्ये 40 ते 45 सेंटीमीटरचा चर. चराला दहा मीटरमागे दोन ते तीन सेंटीमीटर उतार. उतार डोळ्याने ठरवू नका, गवंड्याची पाण्याची नळी घ्या आणि दोन्ही टोकांना खुंट्या मारून पातळी जुळवा. चर खणून झाला की वरच्या टोकाला चार बादल्या पाणी ओता. जिथे डबकं होईल तिथे तळ खोल गेलाय, तिथेच माती भरून ठोका. हे पाच मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात आणि मग जुलैत सगळा वाफा एका डबक्यापायी जातो. सगळे चर कडेच्या मुख्य चरात पडले पाहिजेत, आणि मुख्य चराचा तळ त्यांच्यापेक्षा वीतभर खाली हवा.

खोलीची एक मर्यादा मात्र पाळा. चराचा तळ आणि रेती यांच्यामध्ये निदान 15 सेंटीमीटर चिकणमाती शिल्लक ठेवा. चर रेतीत गेला की ओली रेती बाजूंनी सरकते, काठ ढासळतो, पहिल्या मोठ्या पावसात चर भरून जातो. चिकणमातीचा थरच दीड वितीचा असेल तर चर उथळ ठेवा आणि त्या बदल्यात वाफा बाहेरचं कंपोस्ट घालून उंच करा. कंपोस्ट किंवा कुजलेलं शेणखत गुंठ्याला दीडशे ते दोनशे किलो, शिवाय गिरिपुष्पाचा हिरवा पाला तीस किलो. बांधावर गिरिपुष्प नसेल तर यंदा लावाच. चिकणमातीला खरोखर मोकळी करणारी गोष्ट हीच आहे, दुकानात मिळत नाही आणि दुकानदार सांगतही नाही.

मुख्य चर खाडीकडे उतरत असेल तर तोंडाला उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी झडप) हवीच, नाहीतर भरतीचं पाणी त्याच वाटेने आत येतं. कांदळवनाला हात लावायचा नाही, चर वळवून घ्या.

वेळ फार महत्त्वाची. हे सगळं काम रोहिणी नक्षत्र संपायच्या आत झालं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये चराची ढेकळं वाफ्यावर टाका आणि तशीच उन्हात सोडा, पहिल्या सरीने ती आपोआप फुटतात. मृगानंतर ओल्या मातीत फावडं घातलं तर चराच्या बाजू फावड्याच्या पात्याने चोपून गुळगुळीत होतात आणि त्यातून पाझर बंद पडतो.

पॉवर टिलरचा नियमही तोच. भाताची चिखलणी सोडली तर वाफसा आल्याशिवाय या जमिनीत यंत्र घालायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात वरची माती पांढरट पडते, चार बोटं खाली ती हाताला चिकटते. म्हणून वरची नको, वीतभर खालची माती घ्या आणि तळहातावर वळा. पेन्सिलपेक्षा बारीक वळी न तुटता झाली तर अजून थांबा. वळी तडकून तुटली आणि बोटांनी चुरली की वाफसा आला. भाड्याचा टिलर आज मिळतोय, उद्या मिळणार नाही, या घाईत चालवला तर पंधरा-वीस सेंटीमीटरवर कडक थर तयार होतो आणि आधीच अडणारं पाणी आणखी वर अडतं. टिलर गेला तरी चालेल.

पिवळ्या पानांवर युरिया मारू नका. उभ्या पाण्यात पिवळेपणा येतो तो मुळांना हवा नाही म्हणून, खत नाही म्हणून नव्हे. त्यात टाकलेल्या नत्राचा बराचसा भाग वायू होऊन उडून जातो, उरलेल्याने झाड कोवळं होऊन रोगाला बळी पडतं. आधी रोप उपटून मुळं बघा. पांढरी आणि टणक असतील तर पाणी काढा, वाफसा येऊ द्या, आठवड्यात रंग परत येतो. तपकिरी, मऊ, ओढल्यावर साल निघून नुसता दोरा हातात राहत असेल तर मूळकूज आहे. तेव्हा कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक दहा लिटर पाण्यात 25 ग्रॅम, मुळाशी ओतून (यालाच आळवणी म्हणतात), फक्त लागण झालेल्या जागी आणि शेजारच्या रोपांना, पाणी ओसरल्यावर. उभ्या पाण्यात आळवणी म्हणजे औषध थेट चरात. दर आठवड्याला सगळ्या वाडीभर आळवणी करायला दुकानदार सांगतो ते ऐकू नका: तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतातून दिला असेल तर त्यावर लगेच हे ओतू नका, त्याची वाढ खुंटते. 25 ग्रॅम म्हणजे 25 ग्रॅम, "जरा जास्त" नाही.

पीक निवडताना हट्ट नको. पपई या जमिनीत लावू नका, दोन दिवस पाणी उभं राहिलं की गेली. टोमॅटो, मिरची पावसाळ्यात गादीवाफ्यावरच. अळूला चराचा काठ चालतो. सगळ्यात सखल भागात भातच घ्या. चिकणमाती भाताला दोष नाही, गुण आहे. भाताच्या चारसूत्री पद्धतीने 15 आणि 25 सेंटीमीटर असं आलटून-पालटून अंतर ठेवून लावणी करा, जवळजवळच्या चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट लावणीच्याच दिवशी सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचा. गुंठ्याला साधारण 625 गोळ्या, पावणेदोन किलोच्या आत. खोल खोचलेलं नत्र उडत नाही. गोळी दिल्यावर वरून युरिया पुन्हा नाही.

मातीचा नमुना मे महिन्यात घ्या: आठ-दहा ठिकाणांहून वरच्या वीस सेंटीमीटरचा, रेती न मिसळता, सावलीत वाळवून अर्धा किलो. अर्जावर सामू, क्षारता आणि विनिमयक्षम सोडियम स्पष्ट लिहून मागा. सरकारी योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर, शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा, बाकी तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. बुजलेल्या तळ्याची नोंद सातबाऱ्यावर काय आहे तेही बघून घ्या. जागा सरकारी किंवा गावच्या तळ्याची निघाली तर परवानगीशिवाय खणू नका, भरूही नका.

भात कापल्यावर त्याच ओलीवर कडवे वाल टाका. वळीची परीक्षा तेव्हाही करा, आणि तडे पडायला लागायच्या आत पेरणी उरका: एकदा तडे रुंदावले की उरलेली ओल आठ-दहा दिवसांत निघून जाते आणि वाल उगवून उभे वाळतात.