चूल कशावर पेटत होती?

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातल्या खेड्यावरचा तुझा मसुदा आणि सोबतचे पत्र वाचले. यंत्रांनी खेडे मारले असे लिहावे, की शहरांनी ते ओढून नेले असे, या पेचात तू अडकली आहेस. दोन्ही वाक्ये तूर्त बाजूला ठेव आणि त्या घरांतली चूल कशावर पेटत होती, म्हणजे घर कुणाकुणाच्या कमाईवर चालत होते, ते आधी बघ.

१८७१ च्या जनगणनेतून तू फक्त कुटुंबप्रमुखांचे धंदे उतरवलेस: शेतमजूर, लोहार, पुन्हा शेतमजूर. त्याच पानांवर, नवऱ्याच्या नावाखाली, बायकामुलांपुढे गव्हाच्या काड्यांच्या वेण्या वळण्याचे काम नोंदलेले आहे, ते तुला दिसले नाही काय? चिरलेल्या काड्या ओठांत धरून ओल्या करायच्या आणि बोटांनी वळत राहायचे. त्याच परगण्यातल्या ल्यूटन शहराच्या टोप्या त्या वेण्यांतून शिवल्या जात. तेजीच्या दिवसांत ही कमाई घरधन्याच्या मजुरीच्याही पुढे जाई. पुढे चीन आणि जपानहून स्वस्त वेण्या येऊ लागल्या आणि ती आटली. हा घाला मळणीयंत्राने घातला नव्हता. इंग्लंडच्याच केंट परगण्यात १८३० साली मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, तीही हिवाळ्यातली झोडणीची मजुरी बुडत होती म्हणून. तिथेही चुलीचाच प्रश्न होता.

चाके घडवणाऱ्या सुतारावर मात्र तू जीव ओतला आहेस. एल्मच्या लाकडाचा तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), ओकचे आरे, ॲशचे पुठ्ठे (कडेच्या वर्तुळाचे तुकडे) आणि तापवून चढवलेली लोखंडी धाव पाणी ओतताच आवळून बसते, हे सारे तू सुरेख लिहिलेस. पण त्याला ‘बलुतेदार’ का म्हणतेस? तो खळ्यावरचा वाटा घेत नसे. वहीत मांडून बिल पाठवी. अमेरिकेच्या स्वस्त गव्हाने १८७० नंतर भाव पाडले आणि शेतकऱ्याचा हात आखडला, तेव्हा त्या वहीतली उधारी कशी फिटली, हे तुझ्या प्रकरणात कुठेच नाही. ट्रॅक्टर तर फार पुढचा!

माझ्या प्रबंधातल्या अशाच एका प्रकरणावर एका परीक्षकांनी ‘हा घरखर्चाचा हिशेब झाला, इतिहास नव्हे’ असे सुनावले होते. ते प्रकरण मी गाळले नाही, त्यापायी बढती लांबली तरी गाळले नाही आणि आजही गाळणार नाही. ते पुस्तकरूपाने आणायचे राहून गेले, ही खंत मात्र आहे. म्हणूनच तुझ्यावर चिडतो आहे, एवढे समजून घे.

१९२१ च्या जनगणनेत मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही विचारले होते. गावातला माणूस कामाला बाहेर कुठे जाऊ लागला, हे तिथे सापडेल. १९३१ च्या नोंदी १९४२ मधल्या आगीत जळाल्या, तेव्हा पुढचा टप्पा १९३९ च्या राष्ट्रीय लोकनोंदवहीवरूनच गाठावा लागेल. त्या वहीत बहुतेक बायकांपुढे ‘बिनपगारी घरकाम’ एवढेच असेल. त्यावर विसंबू नकोस. कोंबड्या, धुणी, हंगामी वेचणी यांचे पैसे कुठे गेले ते इतर कागदांत शोध.

पुढच्या मसुद्यात प्रत्येक घराची सगळी मिळकत एका ओळीत मांडून पाठव. नुसते कुटुंबप्रमुख आले, तर मी वाचणार नाही.

तुझे सर