'पास संरक्षण', बिनी आणि चंदावल

प्रश्न लुईझियानातून आला आहे. तिथल्या एलएसयू या विद्यापीठाच्या संघाबद्दल (हा अमेरिकन फुटबॉल, हातात धरून खेळायचा) मराठीत लिहिताना, समोरच्यांचे पास (पुढे फेकलेले चेंडू) अडवता येत नाहीत या अर्थाने, 'संघाचं पास संरक्षण कमकुवत आहे' हे बरोबर का, आणि 'सेकंडरी'ला, म्हणजे बचावाच्या सर्वांत मागच्या फळीला, 'दुय्यम फळी' म्हणावं का?

नाही आणि नाही.

'पास संरक्षण' हल्ली वारंवार कानावर येतं आणि दरवेळी दात शिवशिवतात. वन्यजीव संरक्षण म्हणजे वन्यजीवांचं रक्षण. मग पास संरक्षण म्हणजे पासचं रक्षण! या खेळात तेही असतं, पण ते काम विरुद्ध बाजूचं: चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याच्याच संघाच्या पुढच्या फळीने जपायचं. म्हणजे वाक्याचा अर्थ थेट उलटा. माझ्या ओळखीचे एक व्याकरणपंडित 'पूरसंरक्षक भिंत' दाखवून म्हणतात, पंचमी तत्पुरुष समजा, 'पासपासून संरक्षण'. पंडितजी, ती भिंत सरकारी मराठीने बांधलेली आहे, आणि 'पासपासून' एकदा मोठ्याने म्हणून बघा. सरळ 'पास अडवता येत नाहीत' म्हणायला कुणाची हरकत आहे?

आता खरी गंमत. फळ्यांना नावं हवीत तर आपल्या फौजेत ती तयार आहेत. सैन्याची आघाडी म्हणजे बिनी, म्हणून बिनीचे शिलेदार, म्हणून आडनाव बिनीवाले. फारसीत 'बीनी' म्हणजे नाक! फौजेचं सर्वांत पुढे आलेलं टोक ते तिचं नाक. ही व्युत्पत्ती मला इतकी पटते की दुसरी ऐकायचीही तयारी नाही. हेच पंडितजी बिनी हिंदी 'बीनना'वरून (वेचणे), निवडक लोक म्हणून, काढतात. निवडक लोक काय फक्त पुढेच असतात? आणि अमेरिकन खेळात बचावाच्या पुढच्या फळीत मधोमध, चेंडूसमोर उभा राहतो त्याला काय म्हणतात? नोज टॅकल. नाक! दोघांची गाठ कधी पडली नाही, तरी दोघांनाही पुढे नाकच दिसलं. यावर मी एक संध्याकाळ खूश होतो.

बिनी पुढे, तर मागे चंदावल. हा मोगली लष्करातून आलेला शब्द: पिछाडी सांभाळणारी तुकडी. शत्रू बिनीला बगल देऊन मागच्या बाजारबुणग्यांवर तुटून पडू नये, ही तिची जबाबदारी. सेकंडरीचे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी दुसरं काय करतात? पास बिनीच्या डोक्यावरून जातो. पुढे कितीही आडदांड गडी उभे करा, मागे धावणाऱ्याला धरायचं ते चंदावलीनेच.

२६ सप्टेंबर २०२० चा सामना घ्या. आदल्या हंगामाचा विजेता एलएसयू, तोही बॅटन रूजच्या घरच्या मैदानावर. मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कॉस्टेलोने पासवर ६२३ यार्ड काढले, दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या एसईसी गटातला एका सामन्याचा विक्रम, आणि एलएसयू ३४-४४ हरला. याला 'पास संरक्षण कमकुवत' म्हणणं म्हणजे घर जळाल्यावर 'उष्णता वाढली' म्हणणं. चंदावल मोडली, असं लिहा.

हां, 'दुय्यम'चं राहिलंच. फारसीत तो नुसता 'दुसरा', मराठीत येऊन कनिष्ठ झाला. दुय्यम फळी म्हटलं की मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली रांग आठवते.