वीस टक्के सूट आली कुठून?

या महिन्यातली निम्मी पत्रं टॅरिफवरची आहेत, म्हणजे अमेरिकेने २०२५ मध्ये आपल्या मालावर चढवलेल्या पन्नास टक्के जादा आयात शुल्कावरची. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी सव्वीस वर्षं टॉवेलचं कॉस्टिंग केलं. निवृत्तीनंतरही जुने सहकारी भेटले की चहाआधी हिशेबाचा कागद पुढे करतात. त्यामुळे पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देते आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : आमचा छोटा कारखाना आहे, सोळा माग. माल मुंबईच्या एजंटमार्फत अमेरिकेला जातो. ऑगस्टअखेर त्याचा फोन आला : वीस टक्के सूट द्या, नाहीतर ऑर्डर थांबवतो. टॅरिफ तिकडच्या सरकारचा, भरणार तिकडचा आयातदार. मग सूट आम्ही का द्यायची? आणि टॅरिफ पन्नास असताना मागणी नेमकी वीसचीच का? (यंत्रमागधारक, अशोक चौक)

उत्तर : दादा, दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून पत्र बाजूला काढलं. पहिला सगळेच विचारतात.

कागद घ्या. ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल धरू, म्हणजे अर्ध्या किलोच्या जरा वर. सूत, रंगणी, विणाई, शिलाई, पॅकिंग, न्हावाशेवा बंदरापर्यंतचं भाडं आणि तुमचा नफा धरून समजा २२० रुपये पडले. डॉलर ८८ रुपयांना धरला तर अडीच डॉलर. आकडे सोयीसाठी घेतलेत, तुमच्या वहीतले घालून बघा, उत्तर फार हलणार नाही.

अमेरिकेत सुती टेरी टॉवेलवर ९.१ टक्के शुल्क पूर्वीपासूनच आहे. त्यावर २०२५ च्या एप्रिलपासून १० टक्के जादा होतेच. ७ ऑगस्टला त्याचे २५ झाले आणि २७ ऑगस्टला, भारत रशियन तेल घेतो या कारणाने, आणखी २५ चढले. तेव्हा एकूण ५९.१. आपला अडीच डॉलरचा टॉवेल तिकडच्या बंदरातून बाहेर पडेपर्यंत जवळपास तीन डॉलर ९८ सेंटचा झाला. जहाजाचं भाडं धरलेलं नाही, कारण अमेरिका शुल्क लावते ते मालाच्या किमतीवर. आपल्याकडे आयातीत भाडं-विमा धरून शुल्क बसतं, तसं तिथे नाही.

आता कराचीकडे बघा. टॉवेलमध्ये आपला जुना स्पर्धक. पाकिस्तानला तेव्हा जादा टॅरिफ १९ टक्के होता, म्हणजे एकूण २८.१. त्यांचाही टॉवेल अडीच डॉलरचाच असेल, तर तो तीन डॉलर २० सेंटला पडतो. खरेदीदाराला एवढंच दिसतं : हा ३.२०, तो ३.९८.

तुमचा टॉवेल ३.२० ला पडायचा असेल तर तुम्ही किती भाव लावायला हवा? ३.२० भागिले १.५९१. उत्तर दोन डॉलर एक सेंट. अडीचमधून दोन-एक वजा केलं की ४९ सेंट, म्हणजे साडेएकोणीस टक्के. एजंटने फोनवर जे ‘वीस’ सांगितलं ते हे. त्याच्या मनाचा आकडा नव्हे, आपल्या आणि कराचीच्या दरातल्या फरकाचा आहे. सगळ्या देशांवर सारखाच पन्नास बसला असता तर खरेदीदाराला पळायला जागा नव्हती. कुरकुरत का होईना, बराचसा भार त्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने उचलला असता. आपल्याला आपल्या पन्नासापेक्षा शेजाऱ्याचे १९, बांगलादेशचे २० आणि तुर्कस्तानचे १५ जास्त झोंबले.

तर टॅरिफ भरतो कोण? पावती आयातदाराच्या नावावर फाटते, हे खरं. पण २२० चा टॉवेल १७७ ला दिलात तर ४३ रुपये तुमच्याकडून गेले. आपल्या धंद्यात नफा शेकडा पाच-सात राहिला तरी आपण सिद्धेश्वराला नारळ फोडतो. वीस टक्के देऊन माग चालवणं म्हणजे मागाला सूत घालून वर पैसेही घालणं.

काय करायचं? खरेदीदाराचं लेबल शिवलेला तयार माल दुसरीकडे विकता येत नाही, हे एजंटला पक्कं ठाऊक आहे. त्या मालावर थोडं नमतं घ्यावंच लागेल. पण सूट तोंडी देऊ नका. सुधारित ऑर्डर लेखी घ्या आणि त्यात एक ओळ घालून घ्या : दर कमी झाला तर सूट रद्द. माझ्या नोकरीत एकदा अशी ओळ घालायची राहिली होती. कच्च्या मालाच्या तेजीत आम्ही दिलेली ‘तात्पुरती’ सवलत पुढे तीन वर्षं चालली, आणि साहेबांनी त्याचं खापर माझ्या कागदावर फोडलं. दुसरं, करार एफओबी (माल आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी तुमची) आहे ना, हे तपासा. डीडीपी (शुल्क भरून तिकडे पोचता माल) असेल तर तिकडचं शुल्कही तुमच्याच गळ्यात. तिसरं, आधी गेलेल्या कंटेनरची तारीख बघा. २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आधी तिकडे कस्टममधून सुटलेला माल दुसऱ्या २५ टक्क्यांतून वगळला होता. त्या मालावरही पुऱ्या पन्नासाच्या हिशेबाने सूट मागत असतील, तर सरळ नाही म्हणा.

कापसाच्या शुल्कमाफीबद्दलही तुम्ही ओझरतं लिहिलंय. २०२१ पासून आयात कापसावर असलेलं ११ टक्के शुल्क सरकारने २०२५ च्या १९ ऑगस्टपासून काढलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याने सूत थोडं नरम पडलं असेल, पण शुल्क कापसावरचं आहे, टॉवेलवरचं नाही. टॉवेलच्या किमतीत कापूस हा एक भाग, त्यात आयात कापूस आणखी छोटा. त्याच्या जोरावर वीस टक्के भरून निघणारे नव्हते. शिवाय माझी धाकटी बहीण परभणीला कापसाच्या घरात दिलेली आहे. त्या आठवड्यात तिचा फोन आला : ‘ताई, तुमच्या टॉवेलासाठी आमचा कापूस पाडला म्हणे.’ २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, पण तो मिळतो खरेदी केंद्र उघडून माल घेतला तर. तिला काय उत्तर द्यावं हे मला सुचलं नाही, म्हणून पोरांची चौकशी करून फोन ठेवला.

प्रश्न : निर्यात अडली, माल पडून आहे असं ऐकते. मग दिवाळीच्या खरेदीला नवी पेठेत गेले तर टॉवेलचा भाव तोच कसा? माल तुंबला की स्वस्त व्हायला नको का? (गृहिणी, जुळे सोलापूर)

उत्तर : भाजी असती तर झाला असता, ताई. कोथिंबीर संध्याकाळी विकावीच लागते. निर्यातीचा टॉवेल मात्र आपल्या बाजाराचा नसतोच. मापं इंचात, वजन भारी, रंग तिकडच्या हॉटेलांचा पांढरा नाहीतर कुठल्यातरी दुकानसाखळीने ठरवलेला राखाडी. दोरीवर दोन दिवस वाळणारा तो जाड टॉवेल तुम्हीच घेणार नाही. आपल्याला पातळ, लवकर वाळणारा, शक्यतो चौकडीचा लागतो. पडलेला माल लेबल काढून, ‘सेकंड’ म्हणून किलोवर विकला जातो आणि त्यातला बराचसा सोलापूरबाहेर जातो.

आणि एक उलटी गोष्ट. काम घटलं की टॉवेल महाग पडतो. दोन पाळ्या चालणारा माग एका पाळीवर आला तरी बँकेचा हप्ता दोन पाळ्यांचाच असतो. विजेचा स्थिर आकार, वॉचमन, मुनीम, शेडचं भाडं, सगळं आता निम्म्या नगांवर वाटायचं. कारखानदार तुमच्यासाठी भाव उतरवील कशातून?

स्वस्ताई झाली ती दुसऱ्याच जागी. आमच्या समोर राहणारी बाई टॉवेलचे धागे कापायला जाते. ताठ बसून एका हाताने टॉवेल ओढायचा, दुसऱ्या हातातल्या चिमट्यासारख्या कात्रीने काठाचे धागे टिपायचे, उलटवायचा, पुढचा घ्यायचा. मजुरी नगावर. कुणी तिचा दर कमी केलेला नाही. फक्त आठवड्यात सहा दिवस बोलावायचे, ते आता चार दिवस बोलावतात. पन्नास टक्के, ५९.१ टक्के, हे शब्द तिच्या कानावर पडलेही नसतील.

प्रश्न : ५० टक्के टॅरिफ म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला वस्तू ५० टक्के महाग, असं समजायचं का? (बी.कॉम. विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : नाही. अडीच डॉलरचा आपला टॉवेल तिकडच्या दुकानात समजा दहा डॉलरला विकतात. मधले साडेसात डॉलर जहाज, गोदाम, दुकानाचं भाडं, जाहिरात, नफा यांचे. टॅरिफ बसतो अडीचवर, दहावर नाही. जादा ५० टक्के म्हणजे सव्वा डॉलर. तो पुरा गिऱ्हाइकावर टाकला तरी टॉवेल साडेबारा टक्के महाग.

पण परीक्षेत एवढंच लिहून थांबू नकोस. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावलं. मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली, ८६ डॉलरच्या आसपास. गंमत पुढेच आहे : कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तेही ९२ डॉलरने महागले. तिकडे दोन्ही जोडीने विकत घेतात, मग दुकानदाराने वाढ दोन्हींवर वाटली. तिकडच्या कारखान्यांनीही भाव वाढवले, स्पर्धकच महाग झाल्यावर आपण स्वस्त का राहायचं म्हणून. शुल्क एका वस्तूवर, वाढ भलत्याच वस्तूवर, हे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही.

प्रश्न : तुम्ही टॅरिफला नावं ठेवता. पण सरकारने खाद्यतेलावर आयात शुल्क वाढवलं ते आम्हा सोयाबीनवाल्यांसाठीच ना? मग आम्हाला भाव का मिळाला नाही? (शेतकरी, बार्शी तालुका)

उत्तर : काका, नावं ठेवत नाही, पैसा कुठून कुठे गेला ते बघते. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, रिफाइंडवरचं साडेबारावरून साडेबत्तीस. माझ्या घरी तेलाचा डबा त्याच महिन्यात महागला. तुमचं सोयाबीन मात्र त्या हंगामात ४,८९२ च्या हमीभावाखाली विकलं गेलं, हे तुम्ही मला सांगायला नको.

कारण दाण्यातच आहे. शंभर किलो सोयाबीनमध्ये तेल निघतं साधारण अठरा ते वीस किलो. बाकी बहुतेक सगळी पेंड. गिरणीवाला भाव देतो तो दोन्हींचा मिळून. शुल्काने तेल वधारलं, पण पेंडीचे भाव जगभर पडलेले होते आणि आपल्याकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात स्वस्तात येऊ लागला. पाचव्या हिश्शाला मिळालं ते चार हिश्शांनी खाल्लं. नंतर ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क २० वरून १० वर आणलं, ते महागाईच्या धाकाने.

२०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५,३२८ होता. बार्शीच्या बाजार समितीत माल नेण्याआधी तेलाची बातमी ऐकून निघू नका, पेंडीचा भाव विचारून निघा. आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत असेल तरच हमीभावाच्या केंद्रावर उभे राहा, नाहीतर ट्रॅक्टरचं भाडं दोनदा पडेल.