सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग तोल का जातो?

प्रश्न : नमस्कार डॉक्टरसाहेब. आम्ही यावल तालुक्यातले, केळीचा बाग आहे. माझे मिस्टर ४७ वर्षांचे, मागच्या दिवाळीनंतर त्यांचं हार्टचा व्हॉल्व बदलायचं ऑपरेशन झालं, मेटलचा व्हॉल्व आहे. ऑपरेशन चांगलं झालं पण नंतर थंडी वाजून ताप यायला लागला, व्हॉल्वला इन्फेक्शन झालंय म्हणाले आणि परत ॲडमिट करून कित्येक आठवडे सलाईनमधून इंजेक्शनं दिली. तेव्हापासून यांचा तोल जातो. गरगरत नाही म्हणतात, पण चालताना झोकांड्या जातात, गावात लोक वेगळंच बोलायला लागलेत, माळकरी माणूस आहे हो. अंघोळीला तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते. मोटरसायकलवर मागे बसले की रस्त्यावरच्या पाट्या उड्या मारतात, गाडी थांबली की नीट वाचता येतात. कानात सतत रातकिडे ओरडल्यासारखं होतं, आणि बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही म्हणतात. ईसीजी, टूडी इको, डोक्याचं सीटी स्कॅन सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेतलंय, झोपेची गोळी दिली. सासूबाई म्हणतात पोऱ्याले नजर लागनी. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला शेतात जावंच लागतं, तिथे बांधावरून पडलेसुद्धा. काय करावं? (एक ताई, यावल तालुका)

उत्तर : ताई, पत्रावरून निदान करता येत नाही हे खरं, पण तुम्ही जे बारकाईने लिहिलंय ना, साबण लावून डोळे मिटल्यावरचं आणि पाट्यांचं, ते वाचून मला हे टेन्शन अजिबात वाटत नाही. आणि नजर तर नाहीच नाही. आज एक काम करा, त्या दुसऱ्या ॲडमिटचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि इंजेक्शनांच्या यादीत जेंटामायसिन किंवा अमिकासिन असं नाव दिसतंय का ते बघा. समजत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

कृत्रिम व्हॉल्वला इन्फेक्शन होणं म्हणजे जीवावरचं दुखणं, आणि त्यात ठराविक जंतूंसाठी बाकीच्या अँटिबायोटिक्सबरोबर जेंटामायसिन द्यावं लागतं. त्या औषधाने माणसं वाचतात, त्यामुळे कुणी मुद्दाम काही वाईट केलं असं मनात आणू नका. पण हे औषध आतल्या कानात जाऊन बसतं. आपल्या आतल्या कानात ऐकण्याचा भाग वेगळा आणि तोल सांभाळणारा भाग वेगळा, दोन्हीकडे बारीक केसासारख्या पेशी असतात, आणि जेंटामायसिन मुख्यतः तोलाच्या पेशी मारतं, ऐकण्याच्या थोड्या कमी. या पेशी परत उगवत नाहीत. त्रास कधी इंजेक्शनं चालू असताना सुरू होतो, कधी कोर्स संपल्यावर, म्हणून दोन्हीचा संबंध पेशंटच्याही लक्षात येत नाही आणि डॉक्टरच्याही सुटून जातो. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, आणि हार्टच्या मोठ्या ऑपरेशननंतर किडनी आधीच दमलेली असते, वर लघवीचं लासिक्स चालू असतं, तेही कानाला जड, मग मार दुप्पट बसतो.

आता गरगरत का नाही ते सांगतो. एक कान बिघडला की डावं उजवं जुळत नाही आणि सगळं फिरतं. इंजेक्शनाने दोन्ही कान सारखेच गेले की फिरायला काही उरतच नाही, नुसता आधार जातो. मग शरीर डोळ्यांवर आणि पायांच्या तळव्यांवर चालतं, डोळे मिटले किंवा अंधार झाला, पायाखाली नांगरलेली जमीन आली, की माणूस गेलाच. पाट्यांचंही तेच, डोकं हलताना नजर स्थिर ठेवायचं काम हा कानच करतो, तो नसला तर चालता चालता मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओसारखं सगळं हलतं दिसतं. आणि ऐकू येतं पण कळत नाही, ते का, तर बारीक टिपेचे आवाज आधी जातात, स, च, त, क असली अक्षरं निसटतात, नुसता आवाज पोचतो.

हे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही, इकोमध्ये तर नाहीच, म्हणून सगळं नॉर्मल. एमआरआयसुद्धा नॉर्मल येऊ शकतो (आणि मेटलचा व्हॉल्व आहे म्हणून एमआरआय करता येत नाही असं कुणी सांगितलं तर तसं नसतं, व्हॉल्वचं कार्ड बरोबर न्या, जवळपास सगळ्या व्हॉल्वना चालतो, पेसमेकर असेल तर गोष्ट वेगळी). यांना लागते ती ऑडिओमेट्री, म्हणजे मशीनवर ऐकण्याची तपासणी, आणि तोलाची तपासणी, कॅलोरिक किंवा व्हिडिओ हेड इम्पल्स टेस्ट म्हणा. जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा, तोलाची मशीन तिथे नसेल तर ते पुढे पाठवतील. डॉक्टरांना सरळ विचारा, दोन्ही बाजूचं व्हेस्टिब्युलर फंक्शन, म्हणजे कानाचं तोल सांभाळायचं काम, गेलंय का. असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

घरी एवढं करून बघा, मिस्टरांना पाय जुळवून उभं करा, तुम्ही हात देऊन अगदी शेजारी, आणि डोळे मिटायला सांगा. मग पेपरची ओळ वाचायला द्या, आधी डोकं स्थिर ठेवून, मग नाही नाही म्हणतो तसं हलवत. डोळे मिटल्यावर तोल गेला किंवा अक्षरं पुसट झाली तर हेही डॉक्टरांना सांगा.

चक्कर म्हटलं की मात्र बाकीच्या गोष्टीही बघून घ्यायच्या असतात. उठून उभं राहिल्यावरच डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर बीपी झोपवून आणि मग उभं करून मोजा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि त्यात लघवीची गोळी आणि बीपी-ठोके कमी करायची मेटोप्रोलॉल चालू असेल तर बीपी धाडकन पडतं. एकदम भान जात असेल तर २४ तासांचा होल्टर लावून ठोके चुकतायत का ते बघावं लागतं, कारण व्हॉल्वच्या अगदी शेजारून हृदयाची वायरिंग जाते. कूस बदलली की काही सेकंद गरगरतं ते आतल्या कानातले बारीक खडे जागेवरून सरकल्याचं, ते डोकं ठराविक पद्धतीने फिरवून बरं होतं. आणि काळी शी होत असेल तर मेटलच्या व्हॉल्वसाठी घ्याव्या लागणाऱ्या रक्त पातळ करायच्या गोळीने आत कुठेतरी रक्त जातंय, हिमोग्लोबिन बघा.

पण एकदम बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एकाचं दोन दिसायला लागलं, धरूनही उभं राहता येईना, तर कानाच्या डॉक्टरकडे यायचं नाही, सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात लगेच निघायचं. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं, सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत औषध मिळालं तर कान वाचायची आशा जास्त असते. आठवडी बाजाराला जाऊ तेव्हा दाखवू असं करू नका, पाया पडून सांगतो.

उपाय आहे का, तर गेलेल्या पेशी आणायचं औषध नाही, पण मेंदू दुसऱ्या वाटा शिकतो आणि त्यासाठी व्यायाम आहेत. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठं अक्षर चिकटवा, हातभर लांब उभं राहून नजर अक्षरावर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं, अक्षर पुसट होणार नाही इतक्याच वेगाने, मिनिटभर, दिवसातून चार-पाच वेळा, मग वर-खाली. तोलाचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. आठवड्यात फरक पडत नाही, महिने लागतात, पण पडतो, आणि मनापासून करणारे परत शेतात उभे राहतात. चक्करच्या स्टेमेटिलसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर डॉक्टरांना विचारून कमी करा, त्या मेंदूचं हे शिकणंच मंदावतात. ऐकण्यासाठी मशीन लागलं तर लावा, लाज कसली?

रात्रीच्या मोटरला सध्या दुसऱ्या कुणाला पाठवा. जावंच लागलं तर डोक्याला बांधायची बॅटरी, हातात काठी, आणि बांधावरून नको. रक्त पातळ असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी स्कॅन करायचं. आणि एक महत्त्वाचं, विहिरीत किंवा तापीत पोहायला उतरायचं नाही, पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच या पेशंटना कळत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा बुडू शकतो.

इथून पुढे साधा ताप आला तरी गावातल्या डॉक्टरांना आधीच सांगायचं की जेंटा, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन नको, आणि कमरेवर इंजेक्शनही नको, रक्त पातळ असताना तिथे आत रक्त साकळतं. फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा. मिस्टरांच्या आईकडच्या कुणाला असल्या इंजेक्शनानंतर बहिरेपण आलं असेल तर तेही सांगा, हा दोष आईकडून येऊ शकतो, मग भावंडांनीही जपायला हवं.

प्रश्न : माझं वय २३, लहानपणी सांधेताप झाला होता, आता टीटीके चित्रा व्हॉल्व बसवलाय. रात्री टिकटिक ऐकू येते, झोप लागत नाही. हा कानाचा आजार आहे का? (शहादा)

उत्तर : बेटा, नाडीवर बोट ठेव आणि टिकटिक त्याच ठेक्यात आहे का बघ. असेल तर तो तुझा व्हॉल्वच आहे, आत चकती उघडझाप करते तो आवाज हाडांमधून कानापर्यंत येतो, रात्री शांततेत जास्त. हा व्हॉल्व तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झाला, १९९० पासून बसवतात, त्याचा आवाज येणारच. पंखा चालू ठेव, डाव्या ऐवजी उजव्या कुशीवर झोपून बघ. नाडीशी न जुळणारा सलग सूं आवाज असेल तर मात्र ऑडिओमेट्री कर. मेथी, पालक, भरितातली कांद्याची पात बंद करायची नाही, पण रोज साधारण तेवढीच खा, एक दिवस खूप आणि आठवडाभर काहीच नाही असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचं माप, हलतो. लग्नाचं बघत असतील तर बाळाचा विचार करायच्या आधी हार्टच्या डॉक्टरांशी बोल, रक्त पातळ करायची गोळी बाळाला बाधू शकते, पण स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नकोस. आणि रोजची टिकटिक एखाद्या दिवशी दबकी वाटली किंवा थांबलीच आणि धाप लागली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठ, व्हॉल्ववर गुठळी बसली असेल तर त्यात तासातासाला महत्त्व असतं.