ताणामुळे झोप उडते, की झोप न झाल्याने ताण वाढतो?

दोन्ही. पण दुसरी बाजू आपण फार हलक्यात घेतो. झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांच्या 2007च्या अभ्यासात तरुणांना सुमारे 35 तास जागं ठेवून मेंदूचं स्कॅन केलं. त्रासदायक चित्रं पाहताना मेंदूतला भीती-रागाशी जोडलेला अमिग्डाला हा भाग झोप झालेल्यांपेक्षा सुमारे 60 टक्के जास्त सक्रिय झाला. त्याला आवर घालणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाशी त्याची जोडणीही सैल पडली होती.

इंदूरला रामबागेत आमच्याकडे राहून पीएससीची तयारी करणारा भाचा रात्री तीनपर्यंत जागायचा आणि सकाळी पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून बशी ढकलून द्यायचा. पोरगा वाईट नव्हता हो, झोपेचा भुकेला होता.

आधी उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. तरी आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांना भेटा. मन फारच जड झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आजच लावा.